अहमदाबाद येतच नाहीये? फ्लाइट सिम्युलेटरमध्ये (पुढे नुसतं सिम) जुनं विमान नकाशा-घड्याळावर उडवताना दर वेळी भरकटत असाल तर हे तपासा

दर वर्षी १५ ऑक्टोबर जवळ आला की मला ठरावीक फोन सुरू होतात. "अरे कराचीहून निघालो, जीपीएस बंद ठेवला, दिशा बरोबर धरली, वेळ झाली तरी अहमदाबाद काही येईना, खाली नुसती मिठागरं." नाहीतर मग "साबरमतीच्या जागी समुद्र आला यार, अ‍ॅडऑनच बेकार आहे." अ‍ॅडऑन बेकार असणं क्वचित (अ‍ॅडऑन म्हणजे सिममध्ये बाहेरून आणून टाकलेलं विमान वगैरे). मी स्वतः पहिल्यांदा हा मार्ग केला तेव्हा थेट खंभातच्या आखातावर निघालो होतो आणि वर तोंड करून सिमलाच शिव्या घातल्या होत्या. त्यानंतर हाच एक बिघाड, माझा आणि इतरांचा मिळून, इतक्या वेळा निस्तरलाय की आता एकदा लिहूनच टाकतो, पुढच्या ऑक्टोबरला फोनवर तासभर बोलायला नको.

ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९३२ साली १५ ऑक्टोबरला जेआरडी टाटा कराचीच्या द्रिघ रोड विमानतळावरून पस मॉथ नावाच्या एका इंजिनाच्या छोट्या विमानातून २५ किलो टपाल घेऊन निघाले, अहमदाबादला पेट्रोल भरलं (चार-चार गॅलनचे डबे, तेही बैलगाडीतून आलेले) आणि दुपारी जुहूला उतरले. तिथून पुढे बेल्लारीमार्गे मद्रासला नेव्हिल व्हिंटसेंट घेऊन गेले. रेडिओ नाही, दिशा दाखवणारं जमिनीवरचं कुठलं यंत्र नाही, ताशी शंभर मैलांच्या आसपास वेग. आणि जुहू म्हणजे तेव्हा समुद्राकाठची चिखलाची जमीन, पावसाळ्यात तिथे उतरायची सोयच नाही म्हणून चार महिने ही सेवा पुण्याहून चालायची. हा मार्ग बऱ्याच जणांना सिममध्ये परत उडायचा असतो. पस मॉथ मिळालं तर उत्तम, नाही तर ताशी १०० मैलांनी जाणारं आणि चार-साडेचार तास हवेत टिकणारं कुठलंही जुनं विमान चालतं.

आकडे आधी मांडतो कारण खाली सारखे लागतील. कराची ते अहमदाबाद साधारण ३२२ सागरी मैल, दिशा खऱ्या उत्तरेपासून ११० अंश. अहमदाबाद ते जुहू साधारण २४० सागरी मैल, जवळपास नाकासमोर दक्षिण, १७७ अंश. दुसऱ्या टप्प्यात कोणी सहसा हरवत नाही, मही, नर्मदा, तापी ओळीने येतात आणि मग किनारा धरून समुद्र उजव्या हाताला ठेवायचा. हरवतात ते पहिल्या टप्प्यात, कारण मध्ये कच्छचं रण आहे आणि रणात ओळखायला काही म्हणजे काही नाही.

आता लक्षणं. इथे एक काम करा, नुसतं "हरवलो" म्हणू नका. लिटल नॅव्हमॅप हा सिमला जोडायचा नकाशा फुकट मिळतो, तो मागे चालू ठेवा पण उडताना उघडू नका, उतरल्यावर (किंवा कंटाळून सोडून दिल्यावर) उघडा आणि आपल्या विमानाने मागे सोडलेली रेघ बघा. त्या रेघेचा आकार म्हणजे अर्धं निदान असतं, मी फोनवर पहिला प्रश्न हाच विचारतो.

रेघ सरळ आहे, दिशाही बरोबर आहे, पण वेळ संपली तेव्हा तुम्ही अलीकडेच होतात: वेगाचा किंवा घड्याळाचा घोळ. रेघ सरळ आहे पण कराचीपासूनच एका कोनात फाकत गेलीये: वारा, किंवा होकायंत्र. रेघ केळीसारखी वाकलीये: जायरो (दिशा धरून ठेवणारं फिरत्या चाकाचं यंत्र) सरकतोय, किंवा जॉयस्टिक विमानाला गुपचूप एका बाजूला ओढतेय. रेघ साप चालल्यासारखी नागमोडी आहे: यंत्राचा दोष नाही, तुम्ही दर पाच मिनिटांनी घाबरून दिशा बदलताय. आणि रेघ बरोबर गावावरून गेलीये, तरी तुम्हाला गाव दिसलं नाही, हेही होतं, त्याचं वेगळं कारण आहे, खाली येतंय.

तपासायला सुरुवात फुकटच्या आणि दोन मिनिटांच्या गोष्टींपासून. लोक उलटं करतात, आधी नवीन जॉयस्टिक घेतात.

१. वेगाचं एकक

हसू नका, निम्मी प्रकरणं इथेच मिटतात. जुन्या इंग्लिश आणि अमेरिकन विमानांच्या काट्यावर वेग साध्या मैलांत असतो, नॉटमध्ये (ताशी सागरी मैल) नाही. नकाशावरचं अंतर मात्र आपण सागरी मैलांत मोजलेलं असतं. १०० मैल म्हणजे फक्त ८७ नॉट. काट्यावर १०० दिसतंय म्हणून ३२२ भागिले १०० केलं तर उत्तर येतं ३ तास १३ मिनिटं, खरी वेळ लागते ३ तास ४२ मिनिटं. म्हणजे घड्याळ "अहमदाबाद आलं" म्हणतं तेव्हा तुम्ही चाळीसेक सागरी मैल अलीकडे, छोट्या रणाच्या कडेला असता आणि खाली खाराघोडा-पाटडीकडची मिठागरं असतात. फोनवर "मिठागरं" हा शब्द ऐकला की मी पुढचं ऐकतच नाही, थेट काट्यावर काय लिहिलंय ते वाचायला सांगतो.

याच्याच जोडीची दुसरी गंमत, काट्यावरचा वेग हा हवेतला खरा वेग नसतो. वर जाल तशी हवा विरळ, दर हजार फुटांना साधारण दोन टक्के खरा वेग जास्त. पाच हजार फुटांवर काटा १०० दाखवत असेल तर तुम्ही खरे ११० मैलांनी, म्हणजे ९५ नॉटनी चाललेले असता. त्यामुळे कधी कधी एकक चुकलेलं असूनही उंचावर उडाल्यामुळे वेळ बऱ्यापैकी जुळते, माणूस खूश, आणि पुढच्या वेळी खालून उडाला की परत बोंब. मायक्रोसॉफ्टचं जुनं सिम एफएसएक्स अजून चालवणारे असाल तर सेटिंगमध्ये काटा दर्शवलेला वेग दाखवणार की खरा वेग, असा पर्याय आहे, तो एकदा बघून ठेवा नाहीतर हे गणित दोनदा कराल.

२. घड्याळ

फोनचा टायमर लावू नका, विमानातलं घड्याळ वापरा. कारण साधं आहे, रणावर कंटाळा येतो आणि लोक सिमचा वेग दुप्पट-चौपट करतात, फोनला ते कळत नाही. दुसरं, चहा आणायला उठताना काय दाबता ते बघा. मायक्रोसॉफ्टच्या नव्या सिममधला, म्हणजे एमएसएफएसमधला, अ‍ॅक्टिव्ह पॉज हा खरा पॉज नाही, विमान जागेवर लटकतं पण सिममधली वेळ पुढे चालतच राहते. दहा मिनिटांचा चहा म्हणजे वहीत चौदा-पंधरा सागरी मैल जास्तीचे, जे तुम्ही कधी उडलातच नाही. पूर्ण पॉज वापरा, आणि उठण्याआधी वेळ वहीत लिहा. वेग वाढवायचाच असेल तर फक्त मोकळ्या भागात, आणि ओळखीची खूण यायच्या दहा मिनिटं आधी परत नेहमीच्या वेगावर.

३. कंपास (विमानातला)

आणि हो, शाळेतलाही लागतो. माझ्या मुलीच्या कंपासपेटीतला कोनमापक, १५ सेंटीमीटरची पट्टी आणि परीक्षेचं पॅड, एवढ्यावर माझं सगळं नॅव्हिगेशन चालतं, आणि दहावीच्या भूमितीच्या पेपरला ती पेटी सापडत नव्हती तेव्हा घरात जे झालं ते इथे लिहीत नाही.

इंग्लिश मॉथमध्ये होकायंत्र खाली, दांड्याच्या पुढे, आडवं बसवलेलं असतं. त्याच्यावर फिरणारी कडी असते, कडीत दोन समांतर तारा. कडी फिरवून हवी ती दिशा लावायची आणि मग विमान वळवून सुई त्या तारांना समांतर आणायची. यात एक सापळा आहे. सुई उलटी असली तरी ती तारांना समांतरच दिसते, म्हणजे लाल टोक लाल खुणेवर आहे का हे बघितलं नाही तर तुम्ही बरोबर १८० अंश उलटे जाता. एकाने मला अगदी काकुळतीने विचारलं होतं की सिंधू नदी का येत नाहीये. कशी येईल, गडी बलुचिस्तानच्या किनाऱ्याने निघाला होता. लालवर लाल, एवढं पॅडवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

होकायंत्र वाचायचं ते विमान सरळ, सपाट आणि एका वेगात असताना. वळणात आणि वेग बदलताना ते खोटं बोलतं. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र जमिनीला समांतर नसतं, ते खाली झुकलेलं असतं, म्हणून विमान कललं की सुई भलतीकडे ओढली जाते. वळण संपलं की वीसेक सेकंद थांबा, मग वाचा.

ज्यांच्या विमानात दिशेचा जायरो आहे (डीसी-३ वगैरे) त्यांचं दुखणं वेगळं. जायरोला उत्तर दिशा माहीत नसते, तुम्ही सांगाल ते तो धरून ठेवतो, आणि पृथ्वी खालून फिरत असल्यामुळे मुंबईच्या अक्षांशावर तासाला पाचेक अंश, लंडनच्या अक्षांशावर जवळपास बारा अंश आपोआप सरकतो. शिवाय त्याच्या बेअरिंगची घासाघीस वेगळी. दर पंधरा मिनिटांनी होकायंत्राशी जुळवा. केळीसारख्या रेघेचं पहिलं कारण हेच. एफएसएक्समध्ये जायरोचं सरकणं बंद करता येतं, पण मग जुनं विमान घेतलंच कशाला.

आता चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर. आपल्या भागात हा फरक एक-दोन अंशांच्या आतबाहेर, त्यामुळे कराची-मुंबई करणाऱ्याला तो आहे हेच कळत नाही. मग हाच माणूस आत्मविश्वासाने ऑकलंडहून निघतो, तिथे फरक वीसेक अंश, आणि तासाभरात तिसरीकडेच. नकाशावर कोनमापकाने मोजलेली दिशा खऱ्या उत्तरेची, होकायंत्राची चुंबकीय, फरक पूर्वेकडे असेल तर वजा, पश्चिमेकडे असेल तर मिळवा.

४. वारा

इथे जरा थांबतो कारण खरा खेळ इथेच आहे.

८७ नॉटच्या विमानाला १५ नॉटचा आडवा वारा म्हणजे जवळपास दहा अंशांचं सरकणं. जेटच्या सवयीच्या माणसाला १५ नॉट म्हणजे काहीच वाटत नाही. पण तुम्ही ३ तास ४२ मिनिटं हवेत आहात, १५ गुणिले ३.७, झाले पंचावन्न सागरी मैल. वारा उत्तरेचा असेल तर तुम्ही अहमदाबादच्या तेवढे दक्षिणेला, म्हणजे धोलेराच्या आसपास, समोर आखात. साबरमतीच्या जागी समुद्र, तो असा येतो.

तीन गोष्टी बघा. एक, वाऱ्याची दिशा म्हणजे वारा कुठून येतो ती, कुठे जातो ती नाही. हे उलटं केलं तर दुरुस्ती चुकीच्या बाजूला होते आणि चूक दुप्पट. दोन, विमानतळावरचा वारा हा जमिनीवरचा वारा असतो, तीन हजार फुटांवर तो सहज दुप्पट असू शकतो आणि त्याची दिशाही वळलेली असते. तीन, तुम्ही योजना लाइव्ह हवामानावर केलीत आणि सिम प्रीसेटवर (आधीच ठरवलेल्या तयार हवामानावर) चालू आहे (किंवा उलट) असं तर नाही ना. एका मित्राचं दोन वर्षं हेच चाललं होतं, दर वेळी खऱ्या वेधशाळेचा वारा वहीत, आणि सिममध्ये काल बायकोला ढग दाखवायला लावलेलं वादळ तसंच.

पण समजा वारा माहीतच नाही. १९३२ मध्ये तरी वरचा वारा निघण्याआधी कुठे नेमका माहीत होता. तेव्हा तो विमानातूनच मोजायचा, आणि तो मोजायचा पहिल्या चाळीस मिनिटांत. लोक अहमदाबाद शोधायला लागतात तीन तास झाल्यावर, खाली मान घालून, तोवर उशीर झालेला असतो. या मार्गावर निसर्गाने फार सोयीची खूण ठेवलीये. कराचीहून ११० अंशांच्या रेघेवर ५६ सागरी मैलांवर सिंधू नदी, आणि रेघ जवळपास सुजावल गावावरून जाते. नदी वेगळी कुठली वाटण्याचा प्रश्न नाही, केवढी मोठी आहे. ठट्टा रेघेच्या उत्तरेला सातेक मैलांवर, आणि कींझर तलाव आणखी वर, वीसेक मैलांवर, डावीकडे लांब चमकताना दिसतो. कींझर पंखाच्या अगदी खालीच आलं तर तुम्ही फार उत्तरेला, दिसतच नसेल तर बहुतेक दक्षिणेला.

आता साठाचा नियम: ६० मैल गेल्यावर एक मैल बाजूला म्हणजे एक अंश चूक. सुजावल ५६ वर, म्हणजे जवळपास साठच, गणित करायचीही गरज नाही. नदी ओलांडताना सुजावलपासून १० मैल दक्षिणेला असाल तर तुमचा मार्ग दहा-अकरा अंश चुकतोय. तेवढे अंश डावीकडे वळलात तर फक्त मूळ रेघेला समांतर जाल, अहमदाबादच्या १० मैल खालून. रेघेवर परत यायला उरलेल्या २६६ मैलांत ते १० मैल भरून काढायचे, म्हणजे अजून दोनेक अंश. ११० च्या जागी ९७-९८. एवढंच. आणि घड्याळात बघा, नदी ३९ मिनिटांनी यायला हवी. ४४ ला आली तर समोरून वारा आहे, सगळ्या वेळा त्याच प्रमाणात वाढवा.

ही एक दुरुस्ती करून मग रणात शिरा. रणात जवळपास दीड तास खाली पांढरं-करडं सपाट, कुठे पाणी कुठे मीठ, मध्ये खडीर बेट तेवढं येतं (धोलावीरा तिथलंच, रेघ जवळपास त्याच्या डोक्यावरून जाते), ते दिसलं तर दुसरी तपासणी फुकट. या दीड तासात दिशा बदलायची नाही. इथेच नागमोडी रेघा तयार होतात, कारण मन म्हणतं थोडं डावीकडे घेऊ, मग थोडं उजवीकडे, आणि मग आपण कुठे आहोत हे वहीलाही माहीत नसतं.

शेवटची युक्ती, फ्रान्सिस चिचेस्टरची. या माणसाने १९३१ मध्ये फ्लोट लावलेल्या जिप्सी मॉथमधून एकट्याने न्यूझीलंडहून ऑस्ट्रेलिया गाठलं, वाटेत नॉरफोक आणि लॉर्ड हाऊ ही एवढीशी बेटं शोधत. तो बेटावर नेम धरायचाच नाही, मुद्दाम एका बाजूला धरायचा, म्हणजे वळायचं कुठे याची शंका उरत नाही. आपणही अहमदाबादवर नेम धरायचा नाही, पंधराएक मैल उत्तरेला धरायचा. साबरमती लागली की उजवीकडे वळायचं आणि नदी धरून खाली यायचं, गांधीनगर आणि मग अहमदाबाद. (गांधीनगर १९३२ मध्ये नव्हतं, पण सिममध्ये आहे, वापरायला लाजायचं कशाला.) सरळ नेम धरून नदी लागली आणि शहर दिसलं नाही तर वर की खाली हे कळायला मार्ग नसतो.

वारा आणि होकायंत्र यात गुन्हेगार कोण हे कळत नसेल तर तोच टप्पा उलटा उडा. जाताना उजवीकडे आणि येतानाही उजवीकडे गेलात तर होकायंत्र किंवा तुमचं वाचणं चुकतंय. जाताना उजवीकडे आणि येताना डावीकडे, तर वारा. हे मला कोणी सांगितलं असतं तर माझे चार रविवार वाचले असते.

५. नकाशावरचं गाव खाली आहेच का

रेघ बरोबर, गाव दिसलं नाही. एमएसएफएस जमिनीची चित्रं इंटरनेटवरून आणतं. नेट अडखळलं की सिम गुपचूप साधी जमीन दाखवायला लागतं, मिठागरं, रेल्वेचे रूळ, छोटी तळी सगळं गायब, आणि आपण रुळावर भरवसा ठेवून बसलोय. संध्याकाळी घरातले दोन टीव्ही आणि एक ऑनलाइन क्लास चालू असताना मी हे अनुभवलंय. सेटिंगमध्ये डेटा चालू आहे का, त्याची महिन्याची मर्यादा संपलीये का ते बघा. आणि धुकट हवा घेऊन, वर सूर्य समोर ठेवून निघू नका. जेआरडी पहाटे साडेसहाच्या सुमाराला निघाले होते, पूर्वेला तोंड करून, त्यांना सूर्य डोळ्यात आला असणारच, पण ते जेआरडी होते.

६. पाय

मॉथला रडर (पायाने हलवायचं शेपटीवरचं उभं पातं) हवा. काट्यांमधल्या वाकड्या नळीतला चेंडू मध्यावर नसेल तर विमानाचं नाक एकीकडे आणि चाल दुसरीकडे. ऑटो रडरची मदत चालू आहे का बघा, चालू असेल तर काही जुन्या विमानांत ती नीट वागत नाही, बंद करून पायाने किंवा जॉयस्टिकच्या पिळाने चेंडू मध्ये ठेवायची सवय करा. यात जास्त सांगण्यासारखं नाही.

७. जॉयस्टिक

आता खर्चाकडे सरकतोय. दांडा सोडून दिला तरी तो सिमला "थोडासा डावीकडे" असं सांगत असेल तर विमान एखाद अंश कलतं, दिसतही नाही. पण ८७ नॉटला एक अंश झुकाव म्हणजे मिनिटाला १३ अंश वळण. तुम्ही ते लक्षात आलं की सरळ करता, परत तेच, आणि प्रत्येक वेळी चूक एकाच बाजूची, म्हणून सरासरी दिशा चुकते आणि रेघ वाकते.

तपासायला विंडोजचं गेम कंट्रोलर्सचं पान उघडा, दांडा सोडा, अधिकचं चिन्ह मध्यावर थांबतंय का थरथरतंय ते बघा. थोडं इकडेतिकडे असेल तर सिमच्या सेन्सिटिव्हिटीत डेडझोन (मध्याजवळची जेवढी हालचाल सिम मोजत नाही ती) तीन-चार टक्के करा, खर्च शून्य. थरथरत असेल तर आधी यूएसबी हब काढून थेट कॉम्प्युटरला लावा. तरीही थरथरत असेल तर आतला पोटेन्शिओमीटर (दांडा किती हलला ते मोजणारा भाग) घासलाय किंवा त्यात धूळ आहे. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात कॉन्टॅक्ट क्लीनर मिळतो, तो मारून पन्नास वेळा दांडा फिरवला की बऱ्याचदा काही महिने निघतात. दाराच्या बिजागरीला मारतो तो तेलकट स्प्रे मारू नका, मी मारलाय, धूळ अजूनच चिकटते.

८. अ‍ॅडऑन

आता, इतकं सगळं झाल्यावर, अ‍ॅडऑनवर संशय घ्यायला परवानगी आहे. हवामान कस्टम करा, वाऱ्याचे सगळे थर शून्य करा, नकाशावर २० सागरी मैलांचा सरळ तुकडा घ्या, दोन्ही दिशांनी उडा आणि वेळ लावा. वारा नाही म्हणजे काट्यावरचा वेग (उंचीचे टक्के धरून) आणि घड्याळातून निघालेला वेग जुळायलाच हवा. नाही जुळला तर इतर सगळी अ‍ॅडऑन कम्युनिटी फोल्डरमधून (ती जिथे टाकतात तिथून) बाहेर काढून फक्त हे एक ठेवून परत करा. तरीही नाही जुळलं तर काटाच चुकीचा बनवलाय. फरक टक्क्यात काढून पॅडवर चिकटवा आणि उडा, खऱ्या जुन्या विमानांतही होकायंत्राखाली असा चुकांचा तक्ता लावलेला असायचा.

आता थांबायचं कुठे. जॉयस्टिक वॉरंटीत असेल तर क्लीनरही मारू नका, स्क्रू उघडू नका, सरळ कंपनीच्या सर्व्हिसकडे द्या. वॉरंटी संपलीये आणि सोल्डरिंग कधी केलेलं नाही तर पोटेन्शिओमीटर बदलायचं काम दुरुस्तीवाल्याला करू द्या, बारीक काम असतं, शेजारची पट्टी जळली की दांडा फेकायलाच लागतो. आणि लांबच्या उड्डाणात दोन-तीन तासांनी कॉम्प्युटर आपोआप बंद पडत असेल तर ते नॅव्हिगेशनचं दुखणं नाही, ते गरम होणं किंवा पॉवर सप्लाय. पंख्यावरची धूळ तुम्ही काढा, पॉवर सप्लायचा डबा मात्र अजिबात उघडू नका, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा विद्युतभार साठलेला असतो, हार्डवेअरवाल्याला बोलवा. आणि कोणी खरंच फ्लाइंग क्लबात शिकत असेल तर वरचं सगळं सिमपुरतं, खऱ्या विमानात तुमचे इन्स्ट्रक्टर सांगतील तेच.

राहता राहिलं एक लक्षण, जे हरवण्यात मोडत नाही पण त्याचे फोन येतात. "पोचलो, उतरलो, पण हे जुहू वाटत नाही." समुद्राकडून येताना जुहूच्या मागेच सांताक्रूझची मोठी धावपट्टी आडवी पसरलेली दिसते आणि डोळा आपोआप मोठीकडे जातो. जुहूची सव्वा किलोमीटरपण नाही, शेजारची तीन किलोमीटरहून जास्त, दोन्हींचा रोख साधारण सारखाच. खऱ्या जगात याच्या उलट झालंय, १९७२ मध्ये जपान एअरलाइन्सचं डीसी-८ सांताक्रूझ समजून जुहूला उतरलं आणि धावपट्टी संपल्यावर पुढे गेलं. तुम्ही मॉथ घेऊन मोठ्या धावपट्टीवर उतरला असाल तर पहिल्या शंभरेक मीटरमध्येच थांबाल, आणि टर्मिनलपर्यंत विमान जमिनीवरून चालवत न्यायला जितका वेळ लागेल तेवढ्यात परत उडून जुहूला उतरता येतं. मी तेच केलं होतं.